ओवीने पाचवा पेढा का टाकला

नौपाडा, ठाणे
गोपाळकाल्याचा दुसरा दिवस

चि. मृणाल,
अनेक आशीर्वाद.

कबीरचा ताप उतरला का? काल तू त्याचं औषध आणायला उठलीस तेव्हा ओवीने फोन घेतला आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "आजी, मी पेढा टाकला म्हणून कबीरला ताप आला का? मला आता स्वर्गात घेणार नाहीत?" म्हणून हे पत्र. फोनवर बोलले असते तर आपलं पुन्हा वाजलं असतं.

पाच पेढे, दोन मुलं. दोन तुला, दोन मला, उरलेला कचऱ्याच्या डब्यात. अन्न टाकलं म्हणून तू रागावलीस, त्यात चूक काहीच नाही; स्वर्गाच्या धाकाचं पुढे लिहिते. पण सात वर्षांच्या मुलीचा हिशेब समजून घे. २०१२ साली अमेरिकेत अ‍ॅलेक्स शॉ आणि क्रिस्टिना ओल्सन या मानसशास्त्रज्ञांनी सहा ते आठ वर्षांच्या मुलांपुढे हाच पेच ठेवला होता. दोन मुलांनी खोली आवरली, बक्षीस पाच खोडरबर. दोन-दोन दिले, आता पाचवा कोणाला? बहुतेक मुलांनी तो सरळ टाकून द्यायला सांगितला. पण एकाने जास्त काम केलंय असं कळल्यावर त्याच वयाच्या मुलांनी पाचवा त्याला देऊन टाकला. जास्त मिळण्याला कारण असेल तर मुलांची हरकत नसते. कारण नसेल तर त्यांना ते सहन होत नाही.

जागेच्या वाटणीत तुझ्या दादाचंही म्हणणं तेवढंच आहे. पण ते राहू दे, त्याबद्दल लिहायचं नाही असं ठरवून बसले आहे.

पेढा अर्धा-अर्धा करता आला असता, असं तू म्हणशील. मग कबीर "तुटका नको" म्हणून रडला असता. चार वर्षांचं मूल वजन बघत नाही, नग आणि आकार बघतं. एका बिस्किटाचे दोन तुकडे केले तर त्याला दोन बिस्किटं मिळाल्यासारखी वाटतात. तेवढंच दूध उंच अरुंद पेल्यात ओतलं की ते जास्त होतं, पसरट वाटीत ओतलं की कमी. त्याला समजावण्यात शक्ती घालवू नकोस, पेले एकाच मापाचे घे. आणि कसं वाटायचं ते डबा उघडायच्या आधी सांग. डबा उघडल्यावर सांगितलेला नियम मुलांना फसवणूक वाटतो.

तुमच्या घरात आणखी एक अडचण आहे, ती वयातल्या फरकाची. आपल्याला कमी मिळालं की चार वर्षांचं मूल भांडतं. आपल्याला जास्त मिळाल्याचं खुपणं फार उशिरा येतं, आणि सगळीकडे येतंच असं नाही. २०१५ मध्ये सात देशांतल्या मुलांना समोरासमोर बसवून खाऊ वाटायचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. आपल्याकडची मुलं आंध्रातली होती. वाटणी पटली नाही तर दांडी ओढून दोघांचाही खाऊ घालवता येत होता. कमी मिळालं म्हणून दांडी ओढणारी मुलं सातही देशांत निघाली. आपल्याला जास्त आलं म्हणून ओढणारी मात्र फक्त कॅनडा, अमेरिका आणि युगांडात. मृणाल, ओवीच्या हातात जास्तीचा पेढा होता आणि कबीर पाळण्यात असल्यापासून तिच्यापेक्षा दुबळा आहे. ती तो गुपचूप खाऊ शकली असती. ही पोर तुझी आहे याचा मला फार अभिमान वाटला.

आता स्वर्गाचं. धाक चालतो, हे मी नाकारत नाही. वरून कोणी बघतंय म्हटलं की मुलं थोडा वेळ नीट वागतात. पण त्याची किंमत मुलंच मोजतात. मुलांच्या विचारांचा अभ्यास करणाऱ्या ज्याँ पियाजेने १९३२ साली लिहून ठेवलंय. सफरचंदं चोरून पळणारा मुलगा मोडक्या पुलावरून जातो आणि पूल कोसळतो. चोरी केली नसती तर पूल कोसळला असता का, असं विचारलं की लहान मुलं "नाही" म्हणतात. त्यांच्या जगात लाकडाच्या फळीलाही पाप कळतं. ओवीने पेढा तापाला जोडला तो असाच. आज रात्री तिला मांडीवर घेऊन सांग, ताप पेढ्याने येत नाही. एकदा सांगून पुरणार नाही, तीन-चार दिवस सांग.

आणि स्वर्गाबद्दल विचारलंच, तर तिला धर्मराजाची गोष्ट सांग. तो स्वर्गात पोचतो आणि बघतो तर दुर्योधन थाटात आसनावर बसलेला, स्वतःचे भाऊ कुठेच नाहीत. नारद समजावतात की इथे वैर उरत नाही. धर्मराजाला पटत नाही. माझे भाऊ जिथे असतील तोच माझा स्वर्ग, हा नाही, असं तो म्हणतो. ओवीला ते लगेच कळेल. तिच्या भाषेत सांगायचं तर, "हे चीटिंग आहे."

तुला सांगताना मात्र माझा हात थबकतो. सात महिने झाले तुझ्या आणि दादाच्या कट्टीला. बालवाडीतली कट्टी खाऊच्या सुट्टीपर्यंत टिकते. तू फ्रॉकच्या टोकात पेरू धरायचीस, चिमणीच्या दातांनी तोडायचीस आणि मोठा तुकडा दादाला द्यायचीस. लगोरीत तुला कच्चं लिंबू ठेवलं की तुझ्या वाटचं राज्य तोच घ्यायचा. सारखं वाटणं आणि योग्य वाटणं यातला फरक तुम्हा दोघांना तेव्हा कळत होता.

बघ, भाषण झालंच. रागावू नकोस.

दिवाळीत अर्णवही असेल, तेव्हा तिघांसाठी एक पद्धत सांगून ठेवते. दोघांत एकाने कापायचं आणि दुसऱ्याने आधी उचलायचं, ही तुला माहीत आहे. सुरी ओवीकडे, निवड कबीरकडे. तिघं असली तर पहिल्याने आपल्या मते एक तृतीयांश तुकडा कापायचा. दुसऱ्याला तो मोठा वाटला तर त्याने कापून लहान करायचा आणि कापलेलं परत मूळ केकमध्ये ठेवायचं. मग तिसऱ्याने तेच करायचं. ज्याने शेवटी सुरी लावली, तुकडा त्याचा. उरलेल्यात दोघांची नेहमीची पद्धत. पोलंडच्या बानाख आणि क्नास्टर या गणितज्ञांनी ही शोधली.

न कापता येणाऱ्या वस्तूसाठीही क्नास्टरची रीत आहे. दोघांनी एकमेकांना न दाखवता चिठ्ठीवर किंमत लिहायची. समज एकाने १ कोटी २० लाख लिहिले, दुसऱ्याने १ कोटी. जागा पहिल्याची. त्याच्या मते त्याचा हक्काचा वाटा ६० लाखांचा, म्हणून तो ६० लाख बाहेर काढतो. दुसऱ्याच्या मते त्याचा वाटा ५० लाखांचा, तो त्याला मिळतो. उरलेले १० लाख निम्मे-निम्मे. म्हणजे दुसऱ्याच्या हाती ५५ लाख. आपापल्या चिठ्ठीच्या हिशेबाने दोघांनाही निम्म्याहून ५ लाख जास्तच पडतात. दादाने भरलेले हप्ते त्याला आधी द्यायचे आणि मग चिठ्ठ्या लिहायच्या, म्हणजे त्याचा पाचवा खोडरबरही त्याला मिळाला. पाचपाखाडीच्या जागेसाठी कोर्टाची पायरी चढण्याआधी एकदा एवढं करून बघा. लिहायचं नव्हतं, लिहिलं. पण रात्री दोन वाजता छातीत धडधडतं तेव्हा हेच डोक्यात असतं. डॉक्टरांना दाखवलंय, काळजी करू नकोस.

काल तुम्ही कोणीच आला नाहीत, म्हणून काला केला नाही. गोपाळांनी आपापली शिदोरी एकत्र कालवली, तर देव स्वर्ग सोडून यमुनेत मासे होऊन आले, त्यांनी धुतलेल्या हातांची शितं मिळावीत म्हणून. तुकोबांनी तर पुन्हा जन्म घेऊन काला खायला येऊ म्हटलंय, कारण वैकुंठात ते घास मिळत नाहीत. ओवीला स्वर्गाबद्दल हे सांग.

रविवारी करते. चार वाट्या पोहे, तीन वाट्या दही, काकडी, डाळिंब, भिजवलेली हरभरा डाळ, लिंबाचं लोणचं. मीठ आयत्या वेळी, नाहीतर काकडीला पाणी सुटतं. ज्वारीच्या लाह्या सगळ्यात शेवटी, प्रत्येकाच्या वाटीत वेगळ्या घालायच्या. आधी कालवल्या तर बसतात आणि मागून घेणाऱ्याला कमी आल्यासारखं दिसतं. खारघरहून अकराच्या आसपासची ठाणे लोकल पकड, गर्दी कमी असते.

एकाच मापाच्या आठ वाट्या घासून ठेवल्या आहेत. दादाला मी काही सांगितलेलं नाही. त्याला फोन तू करतेस की मी करू, एवढं शनिवारपर्यंत कळव.

तुझी,
आई