पाच दात कमी, तीन दात जास्त

मेस्त्री, नमस्कार री.

हे पत्र तुम्हाला तुमची मुलगी वाचून दाखवेल. तुम्ही मराठी आमच्यापेक्षा फर्डं बोलता, पण तुमची अक्षरं कन्नड शाळेतली, आणि माझं कन्नड भाजी घेण्यापुरतं. म्हणून तिला आधीच सांगून ठेवलंय. चारचौघांत लिहितेय याचं कारण फोटो. शिबिराहून परत आल्यापासून वडगावात भेटेल तो म्हणतो, "बाई, चोर्ला चढलात म्हणे!" आणि मग फोटो मागतो. चार दिवसांचे इतके फोटो, त्यात तुम्ही कुठंच नाही. एका फोटोत टेम्पोच्या मागच्या चाकाशी दोन चपला दिसतात, त्या तुमच्या. बाकी सगळीकडे आम्हीच हेल्मेट घालून दात काढतोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. शिबिर ट्रायथलॉनचं होतं, बेळगावहून गोव्याकडं जाणाऱ्या चोर्ला घाटाच्या वाटेवर, जांबोटीच्या बाजूला, आणि सायकली दुरुस्त करायला टेम्पो घेऊन तुम्ही सोबत होतात. ऑलिंपिक अंतराची ट्रायथलॉन म्हणजे 1.5 किलोमीटर पोहणं, लगेच 40 किलोमीटर सायकल आणि उतरल्या उतरल्या 10 किलोमीटर पळणं. पोहण्याची मला भीती नव्हती. आजोळच्या विहिरीत पाठीला पत्र्याचा डबा बांधून मामानं ढकललं होतं, तेव्हाच ती गेली. पळणं शाळेच्या मैदानावर रोजचंच. अडचण सायकलीची. ती मी गावातल्या एका शर्यतीतल्या पोराकडून सेकंडहँड घेतली होती. का घेतली, तर निळा रंग आवडला. मुलांना आकडे शिकवणाऱ्या बाईनं सायकलीवरचे आकडे बघितलेच नाहीत.

पहिला दिवस कणकुंबीपर्यंतच्या चढउतारांचा, तो निभावला. दुसऱ्या दिवशी पहाटे धुक्यात चोर्ल्याचा घाट अर्धा उतरलो आणि उलटं चढायला लागलो. बेळगावची भाजी गोव्याला नेणारे टेम्पो शेजारून जात होते, एकजण हात दाखवून "जावा की, जावा!" ओरडला. मी कुठली जातेय! तिसऱ्या वळणावर गुडघ्याच्या वाटीखाली कळ उठली. पायडल खाली दाबावं तर हँडल वर उचललं जायचं, तसं उभं राहून चालवत होते. मागून पोरं "मॅडम, लेफ्ट" म्हणत पुढं जात होती. शेवटी पाय टेकला.

शिबिरातले एक प्रशिक्षक थांबले आणि म्हणाले, "गाडीत बसा मॅडम. वयाप्रमाणे करायचं." त्यांचं नाव लिहीत नाही, माणूस वाईट नव्हता. तासाला 60 ग्रॅमपर्यंत कर्बोदकं पोटात जायला हवीत, भूक लागायची वाट बघायची नाही, हे त्यांनीच त्या संध्याकाळी इतकं छान समजावलं की मी अजून खिशात केळं आणि गुळाचा खडा घेऊन निघते. पण तेव्हा, रस्त्याच्या कडेला, ते वाक्य फार लागलं. मी बेचाळीसची आहे, नव्वदची नाही.

मग तुम्ही टेम्पोतून उतरलात. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाहीत. सीट धरून मागचं चाक उचललंत, पायडल हातानं फिरवलंत आणि काळं झालेलं बोट चक्रीवर ठेवून कन्नडमध्ये दात मोजायला लागलात. पुढं मूवत्तोंबत्तु, म्हणजे एकोणचाळीस. मागं इप्पत्तैदु, पंचवीस. मग मला कन्नडमध्ये "बाई" अशी हाक मारत म्हणालात, "अक्कोरे, ही रेसवाल्या पोराची सायकल. पाय तुमचे बरोबर हायत. चक्री चुकल्या."

मेस्त्री, खरं सांगू, त्या वाक्यानं मला रडू आलं असतं, पण तोंडात गूळ होता.

त्या दिवशी मी गाडीत बसलेच. तुम्हीच बसवलंत, "गुडघा आज दमवू नका, उद्याला लागणार हाय" म्हणून. त्यातही फरक होता बघा. त्यांच्या गाडीत बसले असते तर शिबिर संपलं असतं.

रात्री मुक्कामाच्या शेडमध्ये तुम्ही डोक्याला बॅटरी बांधून बसलात. तुमच्या टेम्पोत एक जुनी सायकल होती, तिचा पुढच्या दोन चक्र्यांचा, 50 आणि 34 दातांचा सेट काढलात आणि माझा 53 आणि 39 चा पोत्यात टाकलात. मागं 11 ते 25 दातांची कॅसेट, म्हणजे चक्र्यांचा जुडगा, होती, तिथं 11 ते 28 ची बसवलीत. पुढचा डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रीवरून दुसरीवर सरकवणारा भाग, थोडा खाली घेतलात. मी विचारलं, चेन कमी करावी लागेल का? तुम्ही हसलात आणि "हिशेब करा की, तुम्ही मास्तरीण" म्हणालात. केला. पुढची आणि मागची सगळ्यात मोठी चक्री धरली तर 53 आणि 25 मिळून 78. 50 आणि 28 मिळूनही 78. चेन तेवढीच पुरली! हे तुम्ही कुठल्या वहीत न मांडता डोक्यात धरून बसला होता.

मग मला झोप कुठली. वही काढली. चाकाचा घेर साधारण 2.1 मीटर. सगळ्यात हलक्या गिअरवर (पुढं लहान चक्री, मागं मोठी) आधी पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सव्वातीन मीटरच्या वर जायची, आता अडीच मीटरच्या जरा पुढं. म्हणजे ताशी 10 किलोमीटरनं चढायचं तर आधी मिनिटाला 51 फेरे पडायचे, आता 65. वेग तोच, फेरे जास्त, आणि प्रत्येक दाबातलं ओझं एक पंचमांशाहून कमी. गुडघ्याला एवढंच हवं होतं. पुढं पाच दात कमी, मागं तीन दात जास्त. पाचवीतल्या ज्या पोराच्या वहीवर मी "गणितात कच्चा" असा शेरा मारला होता, त्याची वही मग सुट्टी संपल्यावर मी परत मागून घेतली. ते जाऊ दे, तो माझा आणि त्याचा विषय.

तिसऱ्या दिवशी घाटाखालच्या, गोव्यातल्या केरीपर्यंत पूर्ण उतरायचं होतं. मला चढापेक्षा उताराचीच धास्ती. मी दोन्ही ब्रेक आवळून धरलेले, वरपासून. पहिल्या थांब्यावर तुम्ही म्हणालात, "रिमला बोट लावून बघा." लावलं, चटका बसला. सतत ब्रेक धरला की रिम तापते, आतली हवा फुगते आणि भर उतारावर ट्यूब जाऊ शकते, हे तेव्हा कळलं. तुम्ही दोन मिनिटांत सांगितलंत ते असं: ब्रेक वळणाच्या आधी, वळणात नाही. दाबायचा, सोडायचा. वळणात बाहेरच्या बाजूचा पाय खाली आणि अंगाचं वजन त्याच पायावर. आणि खड्ड्याकडं बघायचं नाही, बघितलं की सायकल तिकडंच जाते. नजर जिथं बाहेर पडायचं तिथं. मग टेम्पो माझ्या मागं ठेवून, खिडकीतून सावकाश म्हणायचा एकच कन्नड शब्द ओरडत राहिलात, "निधान, निधान." मागून येणारी गोव्याच्या कदंबाची बस तुमच्या मागं अडकून हॉर्न मारत होती, त्या ड्रायव्हरचेही आभार मानायला हवेत.

आणि मग चढ. तो मी चढले. त्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही, हेच त्यातलं मोठं. पाय फिरत होते, श्वास लागत होता, पण बोलता येत होतं. किती वेळ लागला ते पोरांनी विचारलं तरी सांगितलं नाही, तुम्हीही सांगू नका. समुद्रसपाटीपासून साधारण आठशे मीटरवर चोर्ला येतं, तिथं गार वारा लागला आणि मी अजून सायकलवरच होते. कणकुंबीला माउलीच्या देवळाशी बाटली भरली. मलप्रभा तिथंच उगम पावते आणि पार कृष्णेला जाऊन मिळते. मी तोंडावर पाणी मारलं, तर तुम्ही म्हणालात, "आता चेन पुसा." हात पुसायच्या आधी चेन.

चौथ्या दिवशी सायकल टाकून लगेच पळायला लावलं. याला ब्रिक, म्हणजे वीट, म्हणतात, आणि पहिला किलोमीटर पाय खरंच विटांचेच असतात. तुम्ही टेम्पोच्या सावलीत चुरमुऱ्यांचं गिरमिट खात बघत होता. मला दिलं नाहीत. बरोबरच केलंत.

पैशांचा विषय निघाला तेव्हा तुम्ही फक्त कॅसेटचे घेतलेत. पुढच्या सेटचे विचारले तर "माझ्याकडं धूळ खात होतं, तुमच्याकडं तेल खाऊ दे." मजुरीचं काढलं तर ऐकू न आल्यासारखं करून टेम्पोखाली गेलात. तोच तो चपलांचा फोटो.

रविवारी दुकानात येतेय. मागच्या चाकाला थोडा आउट आलाय, फिरताना डुलतंय, परवा खानापूरच्या रस्त्यावर खड्ड्यात गेले (बघितलं होतं खड्ड्याकडं). येताना कुंदा आणते. तो मजुरीत धरू नका, मुलीसाठी आहे, पत्र वाचल्याबद्दल. आणि ते माझं 53-39 पोत्यात पडलंय, ते परत नको. एखादा दांडगा पोरगा चढाला हलकं लागतंय म्हणत आला, तर त्याला बसवा.

तुमची,
वडगावच्या अक्कोर