ती गोम नव्हे, आणि दगड उकळू नका

महोदय,

आपल्या दैनिकात गेल्या आठवड्यात ‘माशांच्या टाकीत विषारी गोम’ अशी बातमी फोटोसह आली. फोटोतला प्राणी गोम नाही. तो समुद्रातला केसाळ वलयी किडा, ब्रिसलवर्म. एवढी चूक मी सोडून दिली असती. पण शेवटी ‘टाकीतले दगड उकळून घ्यावेत’ असं छापलंय, ते मागे घ्या.

मी लातुरात मोटारी रिवाइंड करतो. घरी तीन फुटी, पावणेदोनशे लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. ज्या गावाला 2016 साली रेल्वेनं पाणी आलं, तिथं हा माणूस आरओच्या पाण्यात लिटरला 35 ग्रॅम मीठ कालवत बसतो, म्हणून गल्ली हसते. हसू द्या.

समुद्रातलं प्रवाळ उचलायला आपल्याकडे बंदी आहे. खडकाळ प्रवाळ 2001 पासून वन्यजीव कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये आहेत. म्हणून माझे दगड प्रवाळाचे नाहीत, सिरॅमिकचे. तरी विनातिकीट प्रवासी आलेच. पुण्याच्या एका दुकानातून झोआंथिडचा (प्रवाळाच्या नात्यातला, फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी) गुच्छ आणला, तो ज्या मुठीएवढ्या दगडाला चिकटलेला होता त्याच्या भोकांतून. दुकानदार म्हणाला, ‘साफ आहे.’

तिसऱ्या रात्री टाकीतून ‘टक्’ असा आवाज आला. थोड्या वेळानं पुन्हा ‘टक्’. तीस वर्षं हेच ऐकत आलोय, म्हटलं पंपाच्या वायंडिंगला स्पार्किंग. पंप काढला, हीटर काढला, शेवटी मेन बंद केला. अंधारात पुन्हा ‘टक्’! ही उठून बसली. म्हणाली, ‘आता काय बिघडलं?’ वीज नसताना वाजणारी वस्तू माझ्या दुकानात आजवर आली नव्हती.

बॅटरीला लाल जिलेटिन लावून बसलो. लाल उजेडाला हे प्राणी फारसे बुजत नाहीत. दीड तासानं दगडाखालून इंचभर कोळंबी बाहेर आली. एक नांगी बारीक, दुसरी अंगाच्या मानानं भलतीच मोठी. पिस्तूल कोळंबी! ती नांगी झटक्यात मिटते, पाण्यात बुडबुडा होतो आणि तो फुटताना आवाज येतो. दोन्ही पुढचे हात प्रार्थना कीटकासारखे (इंग्रजीत मँटिस) दुमडलेले असते, तर ती मँटिस श्रिंप असती आणि माझे मासे एकेक करून गेले असते. आवाज दोघींचाही येतो. म्हणून आधी हात बघायचे, मग चिमटा हातात घ्यायचा.

हे शहाणपण उशिरा आलं. त्याआधी काचेसारखं पारदर्शक, बोटाच्या पेराएवढं फूल दिसलं, ते मी सुरीनं खरवडलं. ते फूल नव्हतंच, एप्टेशिया नावाचा समुद्री प्राणी निघाला. तुकड्यातुकड्यातून नवं उगवतं, हरळीसारखं. एकाचे महिन्यात एकोणीस मोजले. ब्रिसलवर्म मात्र माशांचं उष्टं खाऊन वाळू साफ ठेवतो. त्याला मी उघड्या हातानं धरलं, हा माझाच गाढवपणा. काचेच्या लोकरीसारखी कुसं चिकटपट्टीनं ओढून काढावी लागली.

आता उकळण्याबद्दल. झोआंथिडांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं भयंकर जहर असतं. उकळून ते जात नाही, उलट वाफेबरोबर उडालेल्या तुषारांतून छातीत जातं. परदेशात असे दगड साफ करताना घरातली माणसं दवाखान्यात दाखल झालेली आहेत. आपली बातमी वाचून कुणी स्वयंपाकघरात पातेलं चढवलं तर?

नवा दगड आठवडाभर वेगळ्या बादलीत, खाऱ्या पाण्यात ठेवावा, हातमोजे घालून. रात्री बघावं, फोटो काढून जाणकाराला दाखवावा. आणि नको असलेला प्राणी विहिरीत, नदीत सोडू नये.

दुरुस्ती छापताना फोटो तोच वापरला तरी चालेल. नाव तेवढं बदला.

आपला,
एक मोटार रिवाइंडिंगवाला, लातूर