चिमीचा चेंडू इथंच राहिलाय

चि. विनू,
अनेक आशीर्वाद.

तुम्ही म्हापशाला सुखरूप पोहोचल्याचं सूनबाईच्या मेसेजवरून कळलं. तू फोन केला नाहीस. निघताना मी जे बोललो ते मनात असणार. फोनवर माझा आवाज चढतो, म्हणून लिहायला बसलोय. तो विषय काढायचा नाही असं ठरवलंय.

नवी टीम कशी आहे? ग्राउंड घरापासून लांब नाही ना? आणि सामना हरला तर तिथली माणसं कोचच्या घरापर्यंत येतात का, हे कुणाला विचारलंस का?

आलंच शेवटी लेखणीत. काय करू, ती रात्र डोळ्यांपुढून हलत नाही. फायनल हरल्यावर आपल्याच पेठेतली पोरं दारात तुझ्या नावानं ओरडत होती. तू खिडकी लावायला धावलास. मी चिमीकडे बघत होतो. देव्हाऱ्यापाशी दोन्ही कानांवर हात दाबून बसली होती, समोर दुधावर साय धरलेली. तू खेळायचास तेव्हाही शिव्या खाल्ल्यास, पण त्या शाहू स्टेडियमच्या गेटाबाहेर आल्या नव्हत्या.

तू लहान असताना मी तुला फ्रान्सचा जाँ टिगाना व्हायला सांगायचो, आठवतं? 1986 च्या वर्ल्ड कपचा फ्रान्स-ब्राझील सामना आम्ही तालमीत टीव्हीवर बघितला. मध्यरात्र उलटून गेलेली. झिकोची पेनल्टी अडली तेव्हा तालमीतली निम्मी पोरं डोकं धरून खाली बसली. सगळे ब्राझीलवाले. माझी नजर मात्र त्या काटक टिगानावर. बॉल जाईल तिथं हा आधीच हजर. फ्रान्सकडून 52 सामने आणि गोल फक्त एक, तोही त्याच वर्ल्ड कपमध्ये हंगेरीवर. तुझंही तसंच होतं रे. पेपरात नाव दुसऱ्याचं यायचं, पळायचास तू. पावसात खेळून आलास की तुझे बूट मी मोरीत काडीनं चिखल काढून धुवायचो. तुझ्या आईला ते आवडायचं नाही.

तो जन्मला मालीत, बामाकोला. तीन वर्षांचा असताना फ्रान्सला आला, मार्सेयला वाढला. शेवयांच्या कारखान्यात राबला, टपाल वाटलं आणि खेळत राहिला. 1984 च्या युरोची सेमीफायनल त्याच मार्सेयमध्ये, त्याच्या एकोणतिसाव्या वाढदिवशी. तू मला मोबाइलवर दाखवली होतीस. 119 वं मिनिट, पोर्तुगालशी 2-2. सगळ्यांचे पाय गळालेले, आणि हा उजव्या बाजूनं पळत गोललाइनपर्यंत गेला, मागं बॉल दिला, प्लाटिनीनं गोल केला. ते बघताना तू माझा हात धरला होतास. तेव्हा तू नोकरीला लागला होतास, तरी धरलास.

पुढं कोच म्हणूनही तो मोठा झाला. 1997 ला मोनॅकोला लीग जिंकून दिली. हेन्री आणि ट्रेझेगे तेव्हा पोरसवदा होते, त्यांना उभं केलं. पुढच्या वर्षी मँचेस्टर युनायटेडला बाहेर काढलं. 2001 ला इंग्लंडच्या फुलहॅमला 101 गुण मिळवून वरच्या लीगमध्ये नेलं. दोन वर्षांत त्याच क्लबनं काढलं. आणि बोर्दो! खेळाडू म्हणून तिथं तीनदा लीग जिंकलेला माणूस. 2011 ला त्याच मैदानावर सोशोकडून 4-0 हरला आणि राजीनामा देऊन निघाला. त्याच्या मुलीला शाळेत मारहाण झाली होती, विनू. बापाची टीम हरते म्हणून. हे वाचलं त्या दिवशी मी जेवलो नाही. तुला सांगितलं नव्हतं, तेव्हा तू नुकता कोचिंगच्या लायसन्सचा फॉर्म भरला होतास.

म्हणून सांगतो, करार लेखी घे. पगार महिन्याच्या महिन्याला माग. हरल्यावर मोबाइल बंद ठेव, चिमीच्या हाती तर देऊच नकोस. तिच्या शाळेत बापाचं काम काय ते फार कुणाला... जाऊ दे. पोरीनं बापाचं काम का लपवावं? चुकलं माझं. "घरदार सांभाळायचं असेल तर हे सोड" म्हणालो, तेही चुकलं. सूनबाईसमोर तर नकोच होतं.

फायनलआधी तू त्या बारक्या गोलकीपरच्या खांद्यावर हात टाकून बोलत उभा होतास, मी वरून बघत होतो. शेजारच्याला म्हटलं, तो माझा पोरगा. त्यानं विचारलं, कुठला, गोलकीपर? म्हटलं, नाही, कोच.

मैदान घरापासून लांब असलेलं बरं, असं मला वाटतं. तुला काय वाटतं ते कळव.

चिमीचा लाल चेंडू दिवाणाखाली सापडला. हवा गेलीय, भरून ठेवतो. गणपतीला याल तेव्हा नेईल. तोवर तिच्याशी रोज दोन मिनिटं फोनवर बोलू दे. तू नाही बोललास तरी चालेल.

तुझे
आप्पा