समुद्राच्या पाण्यातल्या मोली

रत्नागिरी

प्रिय मंदार,

तुझं पत्र मिळालं. टाकीतले मोली मासे जागच्या जागी थरथरतात, पंख मिटून घेतात, अंगावर पांढरी बुरशी धरते आणि काही दिवसांत जातात, असं तू लिहिलंस. ते वाचताना मला औषधाच्या आधी तुझ्या नळाचं पाणी आठवलं. धरणाचं मऊ पाणी मोलींना मानवत नाही रे. त्यांना क्षार हवेत. औषधांवर आणखी पैसे घालवू नकोस.

आणि त्याच पत्रात खाली तू लिहितोस की मोलींचा नाद सोडून आता खाऱ्या पाण्याची टाकी लावणार, डॅमसेल या समुद्री माशापासून सुरुवात करणार. मंदार, माझं ऐक. टाकी जरूर लाव, पण त्यात मोलीच सोड. खऱ्याखुऱ्या समुद्राच्या खारटपणात.

आपण दुकानात मोलीला गोड्या पाण्यातला मासा म्हणून ओळखतो, कारण ती तिथे गोड्या पाण्यातच ठेवलेली असते. पण सेलफिन या मोलीच्या जातीचं मूळ घर म्हणजे अमेरिकेच्या उत्तर कॅरोलिनापासून फ्लोरिडा, टेक्सस आणि पुढे मेक्सिकोतल्या वेराक्रूझपर्यंतचा किनारा. तिथल्या खाड्या, खारफुटी, मिठाच्या दलदली. तिची थोराड बहीण, म्हणजे मोलीची दुसरी मोठी जात, मेक्सिकोतल्याच युकातानच्या किनाऱ्यावरची. भरतीला पाणी खारट, पाऊस पडला की जवळजवळ गोडं, उन्हाळ्यात डबकं आटत आलं की समुद्राहूनही खारट. सेलफिन मोली समुद्राच्या दुप्पट खारटपणातसुद्धा तगलेली आढळली आहे. बाजारातली काळी मोली संकरातून आलेली, पण ही ताकद तिच्यातही आहे.

ताकद आहे म्हणून पिशवी फोडून थेट खाऱ्या पाण्यात टाकायची नाही. गोड्या पाण्यात माशाच्या अंगात पाणी सतत शिरत असतं आणि क्षार बाहेर निसटत असतात. म्हणून तो भरपूर पातळ लघवी करतो आणि कल्ल्यांतून क्षार आत ओढून घेतो. समुद्रात सगळं उलटं. अंगातलं पाणी बाहेर जातं, म्हणून मासा समुद्राचं पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांतल्या खास पेशींमधून बाहेर टाकतो. हे काम उलट्या दिशेनं सुरू करायला शरीराला वेळ लागतो. काही जण सहा-आठ तास थेंबथेंब पाणी सोडून हे उरकतात. मला ती घाई आवडत नाही. मी वेगळ्या छोट्या टाकीत, स्पंज फिल्टर लावून, रोज थोडं पाणी काढतो आणि तेवढंच खारं पाणी घालतो, असं आठवडाभर. मासे खाताहेत, पंख उघडे आहेत, तळाशी बसत नाहीत, एवढं पाहूनच पुढचा टप्पा. शेवटी पाण्याची घनता (गोडं पाणी १ धरून) १.०२४च्या आसपास आली की झालं.

मीठ मात्र मरीन सॉल्टच, म्हणजे समुद्री टाक्यांसाठी बनवलेलं मीठच आण. लिटरला साधारण ३५ ग्रॅम लागतं. पण खारटपणाच्या मीटरवर मोजून घे, अंदाजावर राहू नकोस. स्वयंपाकघरातलं मीठ चालत नाही, त्यात समुद्रातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम नसतं. मला इथे समुद्र हाकेच्या अंतरावर आहे, तरी पावसाळ्यात मी तिथलं पाणी आणत नाही. नद्यांचा गाळ उतरलेला असतो आणि किनाऱ्याजवळचं पाणी पातळ झालेलं असतं. टाकीतलं पाणी वाफ होऊन कमी झालं की भर गोड्या पाण्याची घालायची, कारण मीठ वाफेबरोबर उडत नाही.

आणखी एक. खाऱ्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. २५ अंशांना गोड्या पाण्यात लिटरला सुमारे ८.२ मिलिग्रॅम, तर समुद्राच्या पाण्यात ६.७च्या आसपास. म्हणून पृष्ठभाग हलता ठेव. नवी टाकी ‘सायकल’ करायला, म्हणजे फिल्टरमधले जिवाणू तयार होईपर्यंत अमोनिया सोसायला, स्वस्त म्हणून मोली सोडणारे पुष्कळ आहेत. तू तसं करू नकोस. खाऱ्या पाण्याचा पीएच ८च्या वर असतो आणि तिथे अमोनिया जास्त जहाल होतो. मासा पन्नास रुपयांचा असला तरी त्याचे कल्ले जळायचे ते जळतातच.

आता ज्याच्यासाठी हे पत्र इतकं लांबलं ते सांगतो: पिल्लं. क्लाउनफिश या समुद्री माशाची अंडी फुटून निघणारी पिल्लं इतकी नाजूक आणि बारीक की त्यांच्या खाण्यासाठी आधी रोटिफर नावाचे सूक्ष्म जीव वाढवावे लागतात. मोलीची मादी जिवंत, पोहणारी पिल्लं देते. साधारण चार-पाच आठवड्यांनी एकदा, आणि एका खेपेला कधी वीस, कधी साठ. एकदा नराचा संग झाला की ती त्याचं बीज महिनोन्महिने साठवून ठेवते, त्यामुळे एकटी आणलेली मादीही पिल्लं देते. जन्मल्या क्षणापासून ही पिल्लं चुरलेलं खाद्य आणि अंड्यातून ताजी फुटलेली आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातली इवली कोळंबीसारखी जिवंत खाद्यं, खातात. गोड्या पाण्यात आर्टेमिया काही तासांत मरून तळाशी कुजते. खाऱ्या पाण्यात ती जिवंत राहते, पिल्लं दिवसभर तिच्या मागे लागलेली असतात. पोटं केशरी दिसतात त्यांची! मी हातातलं काम सोडून बघत बसतो. आईबापच पिल्लं गिळतात, तेव्हा एका कोपऱ्यात केटोमॉर्फा शेवाळाचा दाट गुंता ठेव. एका नराला दोन-तीन माद्या, नाहीतर नर एकीच्याच मागे लागून तिला दमवतो. बलून मोली घेऊ नकोस. ती वाकवलेल्या कण्याची पैदास आहे, मला ते बघवत नाही.

काचेवरचं, दगडावरचं केसाळ शेवाळ त्या दिवसभर खुडतात, ही वरकड कमाई. डॅमसेल मात्र नकोच, ते मोलींना जगू देणार नाहीत. शिवाय क्लाउनफिशसारखे काही सोडले तर बाजारातले बहुतेक समुद्री मासे प्रवाळातून पकडून आणलेले असतात. मोली चेन्नईच्या कोळत्तूरसारख्या ठिकाणी पैदास केलेली असते. समुद्र घरात आणायचा तर समुद्रातून काही न उचलता आणावा, असं मला मनापासून वाटतं.

पिल्लं वाढली की जास्तीची कुठे सोडायची, हा प्रश्न येईलच. नदीत, खाडीत, तलावात कुठेही नाही. १९०५ साली डास कमी करायला टेक्ससहून हवाई बेटांवर सेलफिन मोली नेली, ती तिथे कायमची पसरली. नदीतून समुद्रात आणि समुद्रातून दुसऱ्या नदीत जाऊ शकणाऱ्या माशाला कोण अडवणार? माहितीतल्या हौशी लोकांना दे किंवा दुकानदाराला परत दे.

मीटर, मीठ आणि स्पंज फिल्टर आणलास की फोन कर, मग पाण्याचं गणित मांडू. आणि पहिल्या खेपेतल्या दोन माद्या माझ्यासाठी राखून ठेव. माझ्याकडच्या सगळ्या एकाच कुळातल्या झाल्यात, नवं रक्त हवंय. वहिनींना आणि काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
अनिकेत