टॅब आले, आता पोरं कुठं अडलीत ते बघ

दिघा, नवी मुंबई

प्रिय सुनंदा,
सप्रेम नमस्कार.

लोकवर्गणीतून तुमच्या शाळेला टॅब मिळाले हे वाचून फार आनंद झाला. तू लिहितेस की सगळ्यांना एकच व्हिडिओ लावला तर निम्मी पोरं कंटाळतात, निम्म्यांना काही कळत नाही. बरोबरच आहे. सगळ्यांना एकच दाखवायचं तर आपला फळा काय वाईट होता? माझं ऐकशील तर टॅबवर काय दाखवायचं ते नंतर ठरव. कोण नेमकं कुठं अडलंय, ते आधी शोध.

माझी पाचवी तुला माहीत आहे. आईवडील कुणाचे दगडखाणीवर, कुणाचे नाक्यावर, कुणाचे रबाळ्याच्या एमआयडीसीत. घरी कुणी बंजाऱ्यांची गोरमाटी बोलतं, कुणी कानडी, कुणी हिंदी. एकाच बाकावर गोष्ट सरसर वाचणारी मुलगी आणि जोडाक्षर आलं की थबकणारा मुलगा. दिल्लीतला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सहावीतली मुलं गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे निघाली, आणि एकाच वर्गातल्या मुलांमध्ये पाच-सहा इयत्तांचं अंतर होतं. सोडतीत नाव आलेल्या मुलांना शाळा सुटल्यावर संगणकावर ज्याच्या त्याच्या पातळीचा सराव दिला, तर साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदी दोन्ही सुधारलं. याबद्दल बोलताना सगळे संगणकाचंच कौतुक करतात. मी मात्र त्या अभ्यासातलं वेळापत्रक धरून ठेवलंय: ४५ मिनिटं संगणक, आणि ४५ मिनिटं बारा-पंधरा मुलांच्या गटाजवळ बसून शिकवणारं माणूस.

आता माझ्या वर्गात काय चालतं ते सांगते. प्लिकर्स नावाचं अॅप आहे. त्याला मुलांच्या हातात काहीच यंत्र लागत नाही, फक्त माझा फोन. प्रत्येक मुलाकडे काळ्या नक्षीचं एक कागदी कार्ड असतं. कार्डाची जी बाजू वर धरली, ते त्याचं उत्तर. मी फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की कुणी काय उत्तर दिलं ते नावानिशी येतं. प्रत्येक कार्डाची नक्षी निराळी असल्यामुळे शेजाऱ्याचं बघून उपयोग नाही. गप्प बसणारी मुलंही हात वर करतात, हे मला सगळ्यात आवडलं.

पण सगळं बळ प्रश्नात आहे गं. चुकीचे पर्याय नीट विचार करून ठेवावे लागतात. मी विचारलं, ६१२ भागिले ६ किती? पर्याय दिले १०२, १२, १२० आणि ६०६. १२ म्हणणारं मूल भागाकारात शून्य द्यायचं विसरलंय. १२० म्हणणाऱ्याला शून्य येतं हे ठाऊक आहे, पण कुठं ते नाही. आणि ६०६ म्हणणाऱ्याने चक्क वजाबाकी केली, त्याला चिन्हच समजलेलं नाही. तिघांचंही उत्तर चूकच, पण तिघांना एकच धडा पुन्हा शिकवला तर तिघांचाही वेळ वाया.

१२ वाल्यांना घेऊन मी खेळातल्या नोटा मांडते. ६१२ रुपये सहा जणांत वाटा. शंभराची एकेक नोट सगळ्यांना मिळाली. दहाची एकच नोट उरली, ती सहा जणांना कशी देणार? नाही देता येत, म्हणून तिथं शून्य. मग ती मोडून सुटे करा. १२० वाल्यांना उत्तर उलटं ताडून बघायला लावते, १२० गुणिले ६ करून ७२० आले की तेच मान हलवतात. ६०६ वाल्यांबरोबर मी खडे घेऊन अगदी वाटणीपासून सुरू करते.

तोवर ज्यांना येतं ती मुलं शाळेच्या टॅबवर हेच गणित समजावून सांगतात आणि रेकॉर्ड करतात, आपापल्या घरच्या भाषेत. एका मुलीने गोरमाटीत सांगितलेला भागाकार आमच्या वर्गात किती जणांनी पुन्हा पुन्हा ऐकला! थांबवून, मागे नेऊन, हवा तितक्या वेळा ऐकता येतं, हा टॅबचा खरा फायदा. पुस्तकातल्या क्यूआर कोडचंही तेच. परितेवाडी तुमच्याच माढा तालुक्यात. तिथल्या शाळेतल्या रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला तो या क्यूआर कोडच्या कामामुळे, हे तुला मी काय सांगावं.

वाचनाला तर साधा रेकॉर्डर पुरतो. मुलं आठवड्यातून एकदा परिच्छेद वाचून ठेवतात. ठाण्याला घरी जाताना मी लोकलमध्ये कानाला लावून ऐकते आणि कोण कुठं अडखळलं ते टिपून ठेवते. मुलाला त्याचंच महिन्यापूर्वीचं वाचन ऐकवलं तर त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

एक मात्र कळकळीने सांगते, गट पक्के करू नकोस. भागाकारात मागे असलेली मुलगी वाचनात पुढे असू शकते, आणि एखाद्या मुलाला 'ढ' गटातला म्हणून एकदा शिक्का बसला की तो पुसायला वर्षं जातात. प्रत्येक घटकाला नवा प्रश्न, नवे गट.

कार्डांची पीडीएफ व्हॉट्सअॅपवर पाठवली आहे. जाड कागदावर प्रिंट काढ, चकचकीत लॅमिनेशन करू नकोस, उजेड परावर्तित झाला की फोनला कार्ड वाचता येत नाही. नक्षीवर बोटं येऊ देऊ नका. आणि जोडाक्षरांवरचा पहिला प्रश्न, चुकीच्या पर्यायांसकट, मला पाठव.

तुझीच,
मीनल