एजंट व्हायचं तर आधी सातबारा वाचता आला पाहिजे

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या करिअरच्या पानावर रिअल इस्टेट एजंट कसं व्हायचं ते छापून आलं, चांगलं केलं. आमच्या दारव्हा-दिग्रसकडे सध्या जो तो पोरगा हेच करून राहिला. पोलीस भरतीत लागलं नाही, कापसात काही उरत नाही, मग स्टेटसवर "प्लॉट देणे आहे" टाकलं की झाला एजंट. पण तुम्ही जे छापलं ते नागपूर-पुण्याच्या पोराला पुरतं, खेड्यातल्या पोराला ते अर्धंच आहे.

महारेराचं (घर-प्लॉटच्या धंद्यावर नजर ठेवणारी राज्याची सरकारी यंत्रणा) 20 तासांचं ट्रेनिंग, मग परीक्षा, मग एकट्या माणसाला 10,000 रुपये फी अन पाच वर्षांचं रजिस्ट्रेशन, हे सगळं बरोबर आहे. मी पण ते केलेलं आहे. नोंदणीवाल्या लेआउटमधले प्लॉट विकायचे असतील तर ते कराच, रजिस्ट्रेशन नसताना धंदा केला तर रोजचा 10,000 दंड कायद्यातच लिहून ठेवला आहे. पण साहेब आमच्याकडे लेआउट किती अन शेतं किती? इथे सौदा होतो तो शेताचा, अन साध्या शेताच्या सौद्यात महारेरा येतच नाही. म्हणजे पोरगा सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीवर लावतो अन पहिलं गिऱ्हाईक येतं ते विचारतं, पाच एकर काळी पाहिजे, पांदण रस्ता चालू पाहिजे, विहिरीला उन्हाळ्यात पाणी पाहिजे. याचं उत्तर त्या 20 तासांत कुठे होतं?

मला विचाराल तर पहिले काही महिने पोरानं एकही सौदा करू नये, फक्त सातबारा वाचावा. डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयात मोबाईलवर निघतो, आपल्या स्वतःच्या गावातले गट नंबर काढून पाहा ना. वरती भोगवटादार वर्ग 1 (मोकळ्या मालकीची जमीन) आहे का वर्ग 2 (विकायला सरकारची अट असलेली) ते पाहायचं, वर्ग 2 असेल तर परवानगीशिवाय खरेदी होत नाही. मग इतर अधिकाराचा रकाना, खरी गंमत तिथेच असते, बँकेचा बोजा, कुळाचं नाव, कोर्टाची स्थगिती, सगळं तिथे. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात आणखी दोन गोष्टी हमखास निघतात. एक म्हणजे आदिवासी खातेदार. कोलाम, गोंड, आंध माणसाची जमीन बिगर-आदिवासीला घ्यायची तर महसूल कायद्याचं कलम 36-अ आहे, जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तो व्यवहार होतच नाही, तरी पण लोक इसार देऊन बसतात. दुसरं भूदान. विनोबांच्या वेळेस वाटलेली जमीन आता नातवाच्या ताब्यात आहे, तो म्हणतो माझीच आहे, पण ती अशी बाजारात विकता येत नाही. अन घेणारा कोण तेही पाहा, शहरातला नोकरीवाला ज्याच्या नावावर कुठेच शेती नाही त्याला आमच्या विदर्भात 1958 चा कुळकायदा आडवा येतो.

कागद झाला की मग माणसं. फेरफार (जमीन कोणाच्या नावावरून कोणाच्या नावावर गेली त्याची नोंद) काढून वारस किती ते मोजा. भाऊ दोघं सही करायला तयार असतात, बहीण अमरावतीला दिलेली असते, तिला कोणी विचारतच नाही अन खरेदीच्या दिवशी तिचा फोन येतो. बहिणीचा हिस्सा आहे म्हणजे आहे, पहिल्या दिवशीच तिच्याशी बोलून घ्यावं. धुऱ्याचं (बांधाचं) भांडण आहे का हे पटवारी नाही सांगणार, ते शेजारचा शेतकरी सांगते, म्हणून शेत पाहायला गेलं की आधी शेजाऱ्याकडे चहा घ्यायचा. (चहाचे पैसे एजंटनंच द्यायचे, हे कोणत्याच ट्रेनिंगमध्ये सांगत नाहीत.)

पैशाचं म्हणाल तर दोन्हीकडून एक-एक टक्का, कुठे दोन, जे ठरलं ते सौद्याच्या आधीच बोलून घ्यावं, नंतर सगळे विसरतात. सौदे चालतात दिवाळीनंतर, कापूस-तुरीचा पैसा हातात आला की, अन मृग लागायच्या आत ताबा पाहिजे असते, बाकी पावसाळाभर हात रिकामे. त्यामुळे घरची शेती सोडून कोणी यात उडी मारू नये असं माझं मत आहे. इसार 20,000 किंवा त्याच्या वर गेला तर रोख घ्यायचा नाही, इन्कम टॅक्सचा नियम आहे, चेक नाहीतर बँकेतून.

आता जे पाहून राहिलो ते लिहिल्याशिवाय राहवत नाही. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वे आमच्याकडून जाणार म्हणून रस्त्याच्या कडेचं शेत घ्यायचं, चुन्याची फक्की मारायची, अन दीड-दोन गुंठ्याचे तुकडे 500 च्या स्टॅम्पवर नोटरी करून विकायचे, असं सर्रास चाललं आहे. एनए (बिगरशेतीची परवानगी) नाही, रजिस्ट्री नाही. तुकडेबंदी कायदा 1947 चा आहे, 2023 मध्ये प्रमाणभूत क्षेत्र (ज्याच्यापेक्षा लहान तुकडा विकता येत नाही ते माप) कमी केलं तरी ते जिरायतीला 20 गुंठे अन बागायतीला 10 गुंठे आहे, दीड गुंठा कुठे बसते यात? नोटरीनं मालकी येत नाही हे विकणाऱ्याला पक्कं माहीत असते. पण गिऱ्हाईक आणणारा पोरगा गावातलाच असतो, सहा महिन्यांनी मालक फोन उचलत नाही अन लोक त्या पोराच्या दारात उभे. नवीन पोराला पहिलं काम असंच मिळते, कारण कमिशन जास्त देतात, अन जास्त काऊन देतात हे त्याला कोणी सांगत नाही.

म्हणून माझी एक मागणी आहे. महारेराच्या ट्रेनिंगमध्ये खेड्यासाठी सातबारा-फेरफारचा वेगळा भाग टाकावा, अन तो तहसीलच्या गावी मराठीतच शिकवावा. ते होईल तेव्हा होईल, तोवर तुम्ही तुमच्या शेतीच्या पानावर दर आठवड्याला सातबाऱ्यावरची एक-एक नोंद समजावून सांगा. सुरुवात वर्ग 2 पासून करा, सगळ्यात जास्त सौदे तिथेच अडकतात.

आपला,
एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ