सूचना : पुण्याला परतणाऱ्यांसाठी

मंडळी, मार्च २०२० पासून जळगाव-भुसावळात बसून पुण्याचं काम करणाऱ्या आपल्यापैकी बऱ्याच जणांना ऑफिसात हजर व्हायचा मेल आलाय. महाराष्ट्र एक्स्प्रेसचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, पूर्वीचे १२० विसरा. तत्काळ आदल्या दिवशी : एसी सकाळी १०, स्लीपर ११ वाजता. ऑनलाइन काढायचं तर खातं आधारला जोडलेलं हवं, ते आजच करा.

लॅपटॉपची बॅटरी तपासा. माझा बिचारा कायम कूलरशेजारी, चार्जरवरच. पिन काढली की चार मिनिटांत मान टाकतो.

खोली हवी असणाऱ्यांनी रविवारपर्यंत इथेच कळवा. दोघा-तिघांत घेतली तर डिपॉझिट वाटलं जाईल. आणि कळण्याच्या भाकरी जास्तीच्या आणा, ताई-भाऊ. ठेचा माझ्याकडे.